एकतिसाव्या पानावरचा जवान

विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत चहाचा कप तोंडाशी नेता नेता मी स्वतःला कालव्यावरून उडी मारताना पाहिलं. हातात रायफल, मागे धुराचा लोट, तोंड किंचित उघडं, वय विशीच्या आसपास. कप खाली ठेवला. चष्मा पुसला. पुसून झाल्यावरही मीच होतो. डाव्या कानाची पाळी गालाला चिकटलेली, हनुवटीवर विळा लागल्याचा वण, आणि दोन भुवयांमध्ये ती उभी आठी, जिला आमचे संपादक 'अग्रलेख न समजल्याची खूण' म्हणत. फक्त मिशी माझी नव्हती. त्या वयात मला ती फुटलीच नव्हती. चित्राखाली छापलं होतं : 'पिंपळखडीचा शिपाई हणमंत शत्रूच्या ठाण्यावर झेप घेताना.' हणमंत माझा थोरला भाऊ. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवर एका कालव्याच्या काठी तो गेला. मी नानासो, त्याच्या पाठचा. मी कुठेच गेलो नाही. सांगलीला आलो, एका साप्ताहिकात जन्मभर लोकांची टिंगल लिहिली, लोक वारले की त्यांचे गुण लिहिले, आणि निवृत्त झालो. शत्रूच्या ठाण्यावर माझी झेप फार तर नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यापर्यंत गेलेली.

पुस्तिका माझ्याकडे परीक्षक म्हणून आली होती. सांगलीचे तात्यासाहेब त्यांच्या वडिलांच्या नावानं दरवर्षी एक बक्षीस देतात, युद्धाच्या इतिहासावरच्या छोट्या सचित्र पुस्तिकेला. वडील जैन व्यापारी, बेदाण्याचा धंदा, मुंगीला बाजूला करून चालणारे. पण त्यांना लढायांचे नकाशे बघायचा नाद होता. रात्री जेवण झालं की ते नकाशा पसरून बसत आणि ज्या बाजूला पाण्याची सोय वाईट तिची कीव करत. त्या नादाचं हे स्मारक. तात्यासाहेब स्वतः छपाईत मुरलेले. ते कागद हुंगून, शिवण ओढून, शाई बोटाला लागते का पाहून गुण देतात, आणि रक्ताचं चित्र आलं की त्यावर अंगठा ठेवून उरलेलं पान बघतात. तपशिलाला निवृत्त प्राध्यापिका त्रिशलाताई. गेल्या वर्षी त्यांनी एक अत्यंत देखणी पुस्तिका बाद केली, कारण तिच्यातल्या सतराव्या शतकातल्या मावळ्याच्या मनगटावर घड्याळ होतं. चित्रकारानं मॉडेल म्हणून मेव्हणा उभा केला होता आणि मेव्हण्याचं घड्याळ नवं होतं. तेव्हापासून नियमच झाला : चित्र खोटं निघालं तर पुस्तिका बाहेर, चर्चा नाही. हा नियम मोठ्या आवाजात मीच मांडला होता. उरलं काय, तर पुस्तक पुस्तक आहे का ते बघणं. ते काम माझं.

माझ्या कसोट्या मी कुणाला सांगत नाही, कारण त्या ऐकायला हलक्या वाटतात. मी आधी घोड्यांचे पाय मोजतो. मग नकाशात उत्तर दिशा दाखवली आहे का बघतो; युद्धावरच्या निम्म्या पुस्तिकांत सैन्य कुठून कुठे गेलं हे फक्त बाणालाच माहीत असतं. मग कुणी जेवतं का ते बघतो. अठ्ठेचाळीस पानं लढाई आणि एकानंही भाकरी खाल्ली नाही, तर ते सैन्य लेखकाच्या डोक्याबाहेर कधी पडलेलं नाही असं समजायचं. आणि शेवटी शत्रूकडे बघतो. शत्रू सगळेच्या सगळे मूर्ख असले तर त्यांना हरवण्यात आपल्या लोकांचं कौतुक ते काय? या सगळ्यात ही पुस्तिका खरी उतरली होती. लिहिली होती आष्ट्याच्या दीपाली चौगुले या शाळेतल्या बाईंनी, चित्रं तासगावच्या मतीनची, जो एरवी बेदाण्याच्या खोक्यांवर द्राक्षांचे घड काढतो. नकाशाला उत्तर होती. जवान शिळी पुरी चहात बुडवून खात होते. एका पानावर दोन्हीकडचे पाणके काळोखात एकाच कालव्यावर आलेले, एकमेकांची चाहूल लागलेली, आणि दोघांनीही आधी डबे भरून घेतलेले. त्या पानाशी मी थांबलो होतो. ज्याला कुणाचा हेवा करायची सवय नाही अशा माणसाला हेवा वाटला की त्याचं काय करावं कळत नाही. मी पेन्सिलीनं कोपऱ्यात 'पहिली' असं लिहिलं आणि पान उलटलं, आणि मी कालव्यावरून उडी मारली.

हे कसं झालं ते मला न विचारता कळलं. पिंपळखडी साताऱ्यापासून एसटीनं तासाभरावर. घरटी एक फौजी, आणि भिंतीवर त्याचा फोटो. आमच्याकडे फोटो नव्हता. हणमंतच्या ट्रंकेबरोबर पलटणीतल्या मंडळींचा एकच समूहफोटो आला होता, त्यात तो मागच्या रांगेत, आणि पुढच्याच्या फेट्याचा तुरा नेमका त्याच्या तोंडावर. एक डोळा दिसत होता. आईनं तो फोटो पदरानं पुसून पाहिला, जसा काही तुरा पुसला जाईल. साताऱ्याच्या फोटोवाल्याला यात नवल वाटलं नाही. असे बिनफोटोचे त्याच्याकडे यायचेच. तो म्हणाला, सख्खा भाऊ असंल तर आना, हाड एकच असतं. आई म्हणाली, नाना हाय की. दुकानाचा खाकी कोट होता, खिळ्याला टांगलेला, कुणाकुणाच्या भावांच्या घामाचा वास असलेला. तो मला घातला. खाली माझा लेंगाच होता, कारण फोटो छातीपर्यंत. मान वर करा म्हणाला, केली. डोळ्यांत पाणी आणू नका म्हणाला, शिपाई रडत नसतो. मी रडत नव्हतो, दिव्याचा उजेड लागत होता. पण ते सांगायला तोंड हलवायची परवानगी नव्हती. नंतर त्यानं कुंचल्यानं बिल्ले रंगवले, गालांवर तांबूस हात फिरवला आणि फौजीला हवीच म्हणून मिशी काढली. एक प्रत घरी आली, एक शाळेत लागली. शाळेतल्या फोटोला दरवर्षी हार पडायचा, भाषण व्हायचं, आणि मी सतरंजीवर मांडी घालून माझ्यावरचं भाषण ऐकायचो. पुढाऱ्यांना त्यासाठी काय काय करावं लागतं ते पुढे मी लिहीत आलो. मला ते लेंग्यावर मिळालं. मग पोट सुटलं, दाढी ठेवली, केस गेले. भिंतीवरचा वीसचा राहिला आणि मी पुढे निघून आलो. कुणाला संशय यायचं कारणच उरलं नाही. दीपालीबाईंनी शाळेत येऊन मोबाइलवर फोटो घेतला असणार, आणि मतीननं तो छातीपर्यंतचा पोरगा उचलून, पाय देऊन, कालव्यावर सोडला.

घरचा फोटो माजघरात होता. सगळं माहीत असलेली आई रोज त्याच्यापुढे उभी राहायची. मी तिच्या मागे दारात बसलेलो असलो तरी माझ्याकडे पाठ करून ती माझ्याच तोंडाशी बोलायची, त्याचं नाव घेऊन. जेवलास का, थंडी हाय का तकडं. एकदा चुकून मी ओ दिली. आईनं वळून पाहिलं नाही. फोटोकडेच बघत म्हणाली, "तुला न्हाई." त्या दोन शब्दांनी मला घरातून बाहेर काढलं असं मी म्हणणार नाही, माणसं नोकरीसाठी बाहेर पडतात आणि मीही तसाच पडलो. पण आता पुस्तिका मांडीवर उघडी ठेवून मी डोळे मिटले आणि हणमंतचं खरं तोंड आठवून पाहिलं, तेव्हा समोर आला तो मी, मिशीसकट. पुन्हा प्रयत्न केला. त्याच्या अंगाला येणारा लाल साबणाचा वास आला. रजेवर आला की ट्रंक उघडताना कडी वाजायची तो आवाज आला. त्यानं मला 'ए मास्तर' म्हणून मारलेली हाक अगदी कानाशी आली. तोंडाच्या जागी मात्र मी ठाण मांडून बसलेला, हलायला तयार नाही. मी बसलो होतो म्हणून तो येत नव्हता. चहावर साय धरली. मला गप्प बसता येत होतं. गप्प बसलो असतो तर पुस्तिकेला बक्षीस मिळालं असतं, गावाला आनंद झाला असता, आणि हजार प्रतींतलं माझं तोंड कायमचं हणमंत होऊन बसलं असतं. मग पुढे आठवायचं म्हटलं तरी कुणाला तो सापडला नसता. बोललो असतो तर चांगल्या पुस्तकाचा गळा माझ्याच नियमानं कापला गेला असता. बोलायचं ठरवायला मला फार वेळ लागला नाही. फक्त आधी एका माणसाला विचारायचं होतं.

दगडावहिनी, हणमंतची बायको, गावातच राहते. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून दगडा नाव ठेवलेलं, ते लागू पडलं. एसटीत मी वाक्यं जुळवत होतो. कराडच्या पुढे ती मला पटायला लागली, आणि गावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा एकही आठवेना. वहिनी ओसरीवर सुपात घेवडा निवडत होती. पाणी दिलं, सांगलीची विचारपूस केली, आमच्या हिचे गुडघे विचारले. मी पुस्तिका पिशवीतून काढायला लागलो, मग ठेवून दिली. गावात पाऊल टाकलं की माझी जीभ पायताण काढून बसते.

"वहिनी, फोटूचं बोलायचं हाय."

"कुठल्या?"

"माजघरातल्या."

"तुमच्या व्हय," ती म्हणाली आणि किडका दाणा बाजूला टाकला.

तिनं मान वर केली नाही. आवं भावजी, म्हणाली, मी काय आंधळी हाय का? कानाची पाळी गालाला चिकटल्याली, अशी घरात दुसरी कुनाची हुती? फोटो आला त्याच दिवशी तिनं ओळखलं होतं. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या आईनं, हातात हार दिला आणि घाल म्हणाली, म्हणून तिनं घातला. नाव त्यांचं होतं, तोंड माझं होतं. सासू समोर उभी असताना निवड कुठली करायची? त्यानंतर दर सणाला घालत आली. मला विचारावंसं वाटलं की तुला माझा राग आला नाही का, पण ते विचारायला मी मध्ये कोण, अशी शंका आली. तिनंच उत्तर दिलं.

"राग न्हाई आला तुमचा. पर कवाकवा वाटायचं, ह्ये भावजी हितं भिंतीवर बी हाईत आनि तकडं सांगलीत बी हाईत. आनि ज्येनं हितं असायचं, त्यो कुटंच न्हाई."

मग मी सगळं सांगितलं. पुस्तिका दाखवली. चित्रातली माझी उडी बघून ती तोंडाला पदर लावून हसली, कारण गावचा ओढा ओलांडताना मी दरवेळी पाण्यात पडायचो हे तिला ठाऊक होतं. मी म्हणालो, बोललो तर बाईचं बक्षीस जातंय, शाळेतला फोटो उतरतोय, आणि घरातला ठेवण्यात अर्थ राहत नाही. भिंत रिकामी होईल. वहिनीनं सूप खाली ठेवलं.

"हू द्या की रिकामी. रिकाम्या भिंतीकडं मला बघता यील. दुसऱ्याचं तोंड बघून बघून दमले मी. सांगा तुमी."

परीक्षकांची बैठक तात्यासाहेबांच्या दिवाणखान्यात झाली. पुढ्यात बेदाणे, कारण त्या घरात ते पाण्यासारखे देतात. मी येताना एक विनोदी प्रस्तावना तयार ठेवली होती. ती बाजूला ठेवली आणि सरळ सांगितलं की एकतिसाव्या पानावरचा हुतात्मा सध्या तुमच्यासमोर बेदाणे खातोय. त्रिशलाताईंनी पुस्तिका घेतली, उठून माझ्याजवळ आल्या आणि पान माझ्या गालाशी धरून, पारपत्राचा अधिकारी बघतो तशा बघायला लागल्या. तोंड जरा उघडा म्हणाल्या. उघडलं. दाढी खाली दाबा म्हणाल्या. दाबली. वण दिसला. त्या जागेवर जाऊन बसल्या. तात्यासाहेबांनी मवाळ सुरात सुचवलं की चित्राखाली 'काल्पनिक' अशी चिठ्ठी चिकटवली तर? छपाईत असे उपाय असतात. मी म्हणालो, पण मी काल्पनिक नाही, माझ्याकडे आधार कार्ड आहे. त्यावर ते हसले. त्रिशलाताई हसल्या नाहीत.

"नानासो, तुम्ही गप्प राहिला असता तर हिला पहिलं बक्षीस होतं. माझंही मत हिलाच होतं."

"म्हणून तर बोललो."

"म्हणजे चांगलं पुस्तक पाडलंत."

"वाईट असतं तर बोललो नसतो, ताई. वाईट पुस्तकात मी कालवा ओलांडला काय आणि समुद्र ओलांडला काय. या बाईनं पाणक्यांच्या डब्यांचा आवाजसुद्धा खरा लिहिलाय. त्यात एवढंच एक खोटं राहावं आणि ते मी असावं, हे मला नको."

त्रिशलाताईंनी नियम वाचून दाखवला. तो माझ्याच शब्दांत होता आणि चांगला लिहिलेला होता, हे मला कबूल करावं लागलं. बक्षीस एका किल्ल्यावरच्या पुस्तिकेला गेलं. तिच्यात घोड्यांचे पाय बरोबर होते आणि बाकी काही नव्हतं. घरी येताना रिक्षात मी हिशेब मांडून पाहिला की मी जिंकलो की हरलो. तो जुळेना म्हणून सोडून दिला. आयुष्यभर मी लोकांना उघडं पाडलं आणि त्याचे मला हार-तुरे मिळाले. या वेळी एका निरपराध बाईचं नुकसान करून आलो होतो, आणि तरी पोटात, लहानपणी खोटं न बोलता शाळेतून घरी आल्यावर वाटायचं, तसं काहीतरी कडक, कोरडं बसलेलं होतं. ते मला मोडू द्यायचं नव्हतं. म्हणून घरात शिरल्याबरोबर, चप्पलसुद्धा न काढता, दीपालीबाईंना फोन लावला. निकाल सांगितला, कारण सांगितलं, कारण मीच आहे हेही सांगितलं. त्या रडतील किंवा भांडतील अशी माझी तयारी होती. पलीकडे शाळेच्या घंटेचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, सर, दुसरी आवृत्ती मी काढणारच आहे. तर मग ते दिसायला कसे होते?

मी म्हणालो, ते हणमंतच्या बायकोला विचारावं लागेल. त्या म्हणाल्या, रविवारी मतीनला घेऊन पिंपळखडीला येते.

रविवारी आम्ही ओसरीवर बसलो. मतीन तिशीतला, दाढी नीट राखलेला, बोलायला कमी. त्यानं मांडीवर फळी ठेवली, कागद लावला आणि वहिनीला आज्जी म्हणून विचारायला सुरुवात केली. कपाळ रुंद होतं का? वहिनी म्हणाली, असंल. नाक? बरं हुतं. डोळे? ती माझ्याकडे बघायला लागली, मी दीपालीबाईंकडे. समूहफोटोतला एक डोळा मतीननं भिंगातून पाहिला, पण एका डोळ्यावरून दुसरा काढला तरी मध्ये तोंड लागतंच. हाड एकच म्हणून त्यानं माझ्याकडे एक नजर टाकली, आणि कागदावर पुन्हा मी यायला लागलो. मी उठून त्याच्या नजरेआड, खांबामागे जाऊन बसलो. तरी आलो. त्यानं खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा मी. दीपालीबाई हळूच म्हणाल्या, आज्जींना आठवत नसेल तर राहू दे, आपण त्रास नको द्यायला. मला त्या क्षणी असं वाटलं की आता हे संपलं. त्याला शोधायची शेवटची जागा ही ओसरी होती, आणि इथेही मीच आधी येऊन बसलोय. मतीननं कागद बदलला. आज्जी, म्हणाला, तोंडाचं सोडा. तुम्ही त्यांना सगळ्यात जास्त कवा बघितलं?

वहिनीनं अंगणाकडे तोंड केलं. मग सांगायला लागली, आमच्याकडे न बघता. लग्न झालं आणि एकच रजा मिळाली. घर माणसांनी भरलेलं, डोक्यावर पदर, नजर पायाच्या अंगठ्याकडे. नवऱ्याच्या तोंडाकडे बघणारी सून तेव्हा गावात चर्चेला पुरायची. रात्रीसुद्धा दिवा आधी मालवायचा. पण त्या रजेत तो तिला माहेरी सोडायला सायकलवर घेऊन गेला, मागच्या कॅरिअरवर बसवून. वाटेत ओळखीचं कुणी नव्हतं. तेवढा वेळ तिनं डोळे भरून पाहिलं. मान. पलटणीतले बारीक कापलेले केस, मानेवर मधोमध एक भवरा, डावीकडं कललेला. कॉलरच्या वर उन्हानं रापलेलं काळं आणि कॉलर सरकली की खाली एकदम गोरं, अशी सरळ रेघ. चढाला मानेच्या दोन्ही शिरा वर यायच्या आणि उजव्या कानामागून घामाचा एक थेंब निघून त्या रेघेपाशी थांबायचा. सांगताना तिचं बोट हवेत त्या रेघेवरून फिरत होतं. मतीनची पेन्सिल त्या बोटामागून चालली होती. मी खांबामागून पुढे सरकलो. कागदावर भवरा आला, शिरा आल्या, खांदा पुढे झुकला. या मानेमागून मी रोज दीड कोस शाळेला चालत गेलो होतो, पाटी काखेत धरून, वळून बघ रे म्हणत. तो मी नव्हतो. कुठूनही नव्हतो.

दीपालीबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या शेवटी पुस्तक करणाऱ्या. वाचकाला निदान माणूस कळायला हवा, असं त्या पुटपुटल्या. मतीननंही मान हलवली आणि पेन्सिल गालाच्या जागेवर नेऊन थांबवली. "आज्जी, जरासं वळवू का त्यांना? इतकंच, गालाची कड दिसंल एवढं."

"नगं," वहिनी म्हणाली. "ते वळलं असतं, तर म्या खाली बघितलं असतं."